मिठाला जागलेला राजा

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ती कुणाकडून कळली ते आठवत नव्हतं.

समुद्राच्या काठी एक राज्य होतं. राज्य म्हणायचं आपलं. सकाळची न्याहारी करून एका टोकाहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला दुसऱ्या टोकाला पोचायचा. पण तिथे राजा होता, सिंहासन होतं, दरबार होता आणि दरबारात पेंगणारे दरबारीही होते. मग त्याला राज्य नाही तर काय म्हणायचं?

या राज्याची जमीन समुद्रापेक्षा सखल होती. मध्ये मातीचा एक लांबलचक बांध होता, म्हणून माणसं सुखाने राहत होती. बांधाच्या आत भाताची शेतं, एका अंगाला मिठागरं आणि बाहेर समुद्र. बांधाला एक मोठं लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणत. ओहोटी लागली की उघाडी उघडायची, म्हणजे शेतात साचलेलं पाणी समुद्रात निघून जाई. भरती यायच्या आत ती मिटायची, म्हणजे समुद्र शेतात येत नसे. एवढं एक काम नीट झालं, तर त्या राज्याला राजाची तशी फारशी गरजही नव्हती.

तिथे एक रीत होती. नवा राजा गादीवर बसला, की मिठागरातली सगळ्यांत वयस्क बाई पुढे यायची, चिमूटभर मीठ राजाच्या जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "आमचं मीठ खाल्लंस. आता मिठाला जाग." आजवरचे सगळे राजे मीठ चाटून हसले होते, वर पाणी प्यायले होते आणि जेवायला बसले होते.

आपल्या गोष्टीतला राजा मात्र हसला नाही.

हा राजा अगदी तरुण होता. मनाने चांगला, पण जिवाला घोर लावून घेणारा. तो लहान असताना एका उधाणाच्या भरतीला बांध फुटला होता आणि खालच्या शेतांत खारं पाणी शिरलं होतं. त्याचे वडील, म्हणजे आधीचे महाराज, त्या वेळी जेवून घोरत पडले होते. पुढे कितीतरी वर्षं लोक म्हणत राहिले, "बांध फुटला आणि राजा झोपला होता!" कुणी रागाने म्हणे, कुणी थट्टेने. पोराने ते बाजारात ऐकलं, देवळात ऐकलं, वडिलांच्या तिरडीमागे चालतानाही ऐकलं. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

म्हणून म्हातारीने जिभेवर मीठ ठेवून "जाग" म्हणताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जागेन," तो म्हणाला. "आजी, या मिठाची आण घेऊन सांगतो. आजपासून मी झोपणार नाही. माझ्या राज्यात समुद्र आत येणार नाही."

मिठाला जागणं म्हणजे खाल्ल्या अन्नाशी इमान राखणं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हातारी ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "महाराजांचा विजय असो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीच्या मनात आलं, इतक्या राजांच्या जिभेला मीठ लागलं, पण आपला शब्द असा उरी धरणारा हा पहिलाच. ती सुखावली आणि जागेवर जाऊन बसली.

पहिले काही दिवस तर मौजेचेच गेले. राजा पहाटे बांधावर, सकाळी दरबारात, दुपारी मिठागरात आणि रात्री पुन्हा बांधावर. डोळा लागतोय असं वाटलं की तोंडावर गार पाणी मारायचं, नाहीतर उठून येरझाऱ्या घालायच्या. अडून पडलेले तंटे मिटले, वाटांवरचे खड्डे बुजले. लोकांची छाती फुगली. शेजारच्या राज्यात पाहुणे म्हणून गेले की ते मुद्दाम विचारायचे, "तुमचा राजा झोपतो?" समोरचा "हो" म्हणाला की हे हळहळल्यासारखं करून म्हणायचे, "अरेरे. आमचा नाही झोपत!" बायका जात्यावर त्याच्या ओव्या गाऊ लागल्या. आता ज्याच्या ओव्या गातात, त्याने झोपायचं तरी कसं?

पण देह काही ओव्या ऐकत नाही.

आधी जिभेची चव गेली. आमटी खारट झाली म्हणून राजाने आचाऱ्याला झापलं, आणि तीच आमटी दुसऱ्या घासाला अळणी म्हणून पुन्हा झापलं. मग हात थरथरायला लागले. मग जीव कशात लागेना. बसला की उठावंसं वाटे, उठला की कशाला उठलो ते आठवेना. बोलायला लागला की वाक्य अर्ध्यावर सुटून जाई आणि तो समोरच्याकडेच रागाने बघत राही, जणू त्यानेच ते चोरलं. सकाळी दिलेला हुकूम दुपारी फिरवी आणि संध्याकाळी विचारी, हा कुणाच्या डोक्यातून निघालेला मूर्खपणा?

सगळ्यांत वाईट म्हणजे त्याला पाणी दिसायला लागलं. एकदा भर दरबारात तो सिंहासनावर पाय वर घेऊन ओरडला, "पाणी! बांध फुटला! धावा!" सगळं राज्य हातातलं काम टाकून बांधावर धावलं. बघतात तो ओहोटी. समुद्र लांब गेलेला, चिखलात बगळे निवांत उभे. लोक हसले नाहीत, पण त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि राजाने ते पाहिलं. नंतर त्याला ताटात पाणी दिसे, गालिच्यावर दिसे, भिंतीवरून ओघळताना दिसे. तो दात आवळून स्वतःशी म्हणे, "हे खरं नाही. आता फसायचं नाही."

अखेर राजवैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि सुस्कारा सोडला.

"महाराज, देह फार काही मागत नाही हो. पोटाला अन्न, घशाला पाणी, अंगाला उन्हावाऱ्यातले थोडे कष्ट. आणि झोप. बस, एवढंच."

"मग?" राजा म्हणाला. "जेवतो वेळेवर. पाणी पितो. दिवसभर उन्हावाऱ्यात हिंडतो. चारांतल्या तीन गोष्टी देतोच आहे की मी. पाऊण काम तर झालं!"

"बाजेचा एक पाय काढून बघा, महाराज, आणि मग बसा तिच्यावर. पाऊण बाज उभी राहत नाही. पडते."

दुसरा एखादा दिवस असता तर राजा यावर खळखळून हसला असता. पण झोप गेली की माणसाचं हसू तिच्याबरोबर जातं. त्याला वाटलं, वैद्यबुवा आपली टर उडवताहेत, वडिलांच्या घोरण्याकडे बोट दाखवताहेत. तो ताडकन उठला.

"बाज? या वाड्यात यापुढे बाज दिसता कामा नये! गाद्या, उशा, काही नको. आणि तुम्ही घरी जा."

वैद्यबुवा मान खाली घालून घरी गेले. जेवले आणि, खरं सांगायचं तर, छान झोपले.

राजाची तळमळ मात्र वाढत गेली. आपण एकटे जागून काय उपयोग, असं त्याच्या मनाने घेतलं. तोपर्यंत बांधावरचे राखणदार पाळीने काम करत. अर्धे राखण करत, अर्धे झोपत, मग पाळी बदले. राजाने हुकूम काढला, की पाळी बंद, सगळ्यांनी सगळा वेळ जागायचं. काही दिवसांतच बांधावरचे सगळेच्या सगळे राखणदार भाल्याला टेकून, उघड्या डोळ्यांनी पेंगायला लागले. आधी निम्मे तरी पुरते जागे असायचे. आता एकही नव्हता.

उघाडीवर एक जुना राखणदार होता. भरतीची वेळ त्याला कुणी सांगावी लागत नसे. एकदा राजा यायच्या आत त्याने आपणहून दार मिटलं, तर राजा त्याच्यावर बरसला. "माझ्या तोंडून शब्द आल्याशिवाय उघाडीला हात लावायचा नाही! पुन्हा लावलास तर तुझी जागा दुसऱ्याला देईन." बिचारा राखणदार काय बोलणार? त्याच्या मागे बायकापोरं होती. तो "जी महाराज" म्हणाला आणि त्या दिवसापासून विचारल्याशिवाय पापणीही हलवेनासा झाला.

असं करता करता आश्विन आला. पावसाने उघडीप दिली. भात पिवळं झालं, लोंब्या वाकल्या, चार दिवसांत विळा लागणार होता. कोजागिरी आली. पौर्णिमेची भरती म्हणजे मोठं उधाण, हे बांधावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. रात्री दूध आटवायचं म्हणून घरोघर तयारी चालली होती. कापणीआधी शेत कोरडं व्हावं म्हणून सकाळच्या ओहोटीला राजाने स्वतः उभं राहून उघाडी उघडवली. "आज मी इथून हलणार नाही," तो म्हणाला, आणि खरोखरच हलला नाही. उघाडीशेजारी एका दगडावर बसून राहिला. पाय खाली सोडलेले, डोळे समुद्रावर.

ऊन चढलं. वारा पडला. शेतातलं पाणी उघाडीतून झुळझुळत बाहेर चाललं होतं आणि त्या आवाजाने राजाचं डोकं जड होऊ लागलं. त्याने मांडीला चिमटा काढला, ओठ चावला. झोपायचं नाही. झोपायचं नाही. झोपायचं नाही. आतून हे एकच चाललं होतं, आणि त्यापुढे जगातलं दुसरं काही त्याला ऐकू येत नव्हतं.

ओहोटी संपली. झुळझुळणारं पाणी थांबलं, थोडा वेळ जागच्या जागी डुचमळलं आणि उलटं फिरलं.

राखणदाराने ते पाहिलं. तो दाराशी गेला, दोर हातात घेतला आणि राजाकडे वळून म्हणाला, "महाराज, वेळ झाली. मिटू का?"

राजाच्या कानांवर फक्त शेवटचे दोन शब्द पडले. मिटू का? त्याला वाटलं, हा डोळे मिटायची परवानगी मागतोय.

"खबरदार!" तो ओरडला. "मिटायचं नाही!"

राखणदार चपापला. त्याने पाण्याकडे पाहिलं, पुन्हा राजाकडे पाहिलं. "पण महाराज, आता मिटलंच पाहिजे…"

"एकदा सांगितलं ना? राज्यात कुणी मिटायचं नाही! जो मिटेल त्याला हाकलून देईन!"

राखणदार पूर्वीसारखा ताजा असता तर त्याने हुकूम खुंटीला टांगून दार मिटलं असतं. पण तोही कित्येक दिवस झोपला नव्हता. त्याच्याही डोक्यात धुकं भरलं होतं. महाराज म्हणतात मिटायचं नाही, म्हणजे काहीतरी कारण असेल, असं म्हणून त्याने दोर सोडला आणि तो भाल्याला टेकून उभा राहिला.

उधाण आत शिरलं.

पाणी आधी पाटात आलं, मग बांधाच्या पायथ्याच्या शेतात, मग पुढच्या. दगडावरून खाली सोडलेल्या राजाच्या पावलांना गार लागलं. त्याने खाली पाहिलं. घोट्यापर्यंत पाणी होतं. तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "आलास पुन्हा?" तो पाण्याला म्हणाला. "या खेपेला नाही फसणार." पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं, तरी तो तसाच शहाण्यासारखा बसून राहिला.

तेवढ्यात एका खेकड्याने त्याच्या पायाचा अंगठा धरला.

राजा किंचाळून उठला. मनातल्या पाण्यात खेकडे नसतात, एवढं त्या थकल्या डोक्यालाही कळलं. त्याने मागे वळून पाहिलं. पिवळ्या भातात समुद्र उभा होता.

मग एकच धावपळ झाली. राजाने उघाडीच्या दाराला खांदा लावला, राखणदाराने लावला, गावातले गडी धावत आले त्यांनी लावला. पण आत घुसणाऱ्या लोंढ्यापुढे दार तसूभर हलेना. राजाचे पाय निसटले आणि तो चिखलात तोंडावर पडला. दोघांनी काखेत हात घालून त्याला बांधावर आणून बसवलं. आता ओहोटीची वाट बघण्याखेरीज कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. माणसं बांधावर रांगेने उभी राहून आपलं पीक बुडताना बघत होती. एक बाई पदर तोंडात कोंबून रडत होती. कुणीतरी म्हणालं, "या खेपेला तर राजा जागा होता!"

राजाने गुडघ्यांत डोकं घातलं होतं. त्याला मरून जावंसं वाटत होतं.

मिठागरातली ती म्हातारी काठी टेकत आली आणि त्याच्या शेजारी चिखलातच बसली.

"आजी," राजा म्हणाला, "तू सांगितलंस तसाच वागलो. मिठाला जागलो. एक दिवसही नीट झोपलो नाही. मग असं का झालं?"

"अरे पोरा, मी तुला मिठाला जाग म्हटलं. जागत बस असं कुठं म्हटलं? नेकीनं वाग, एवढंच त्यात असतं."

राजाने डोकं वर केलं. "मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

म्हातारीने काठीच्या टोकाने चिखल उकरला. "चुकलं माझं. तू माझा शब्द एवढा मोठा केलास, मला बरं वाटलं. आम्हां सगळ्यांनाच बरं वाटलं. तुझे डोळे लाल दिसायचे, हात कापायचे, आणि आम्ही ओव्या गात बसलो."

"पण माझे वडील झोपले आणि बांध फुटला, हे तर खरं ना?"

"झोपले होते, खरं हाय. पण झोपेनं बांध फुटत नाय. उधाणानं फुटला, जागे असते तरी फुटला असता. पुढचं तुला कुणी सांगितलं नाय. तुझा बाप झोपेतून उठला, धोतर खोचलं आणि सरळ चिखलात उतरला. भगदाड एवढं, की बैलगाडी जावी. पण डोकं शांत होतं त्याचं. माती कुठून आणायची, कुणी कुठं उभं राहायचं, आधी काय बुजवायचं, सगळं नीट सांगितलं. दुसरी भरती यायच्या आत बांध उभा केला. लोकांना मेल्यांना त्याची झोप तेवढी आठवली." ती थोडं थांबली. "ज्या देहानं तुला एवढं वागवलं, त्याचंही मीठ तू खाल्लंस, पोरा. त्या मिठाला जागायचं तर झोपायला लागतं."

राजा त्यावर लहान मुलासारखा रडला. वडिलांसाठी रडला, भातासाठी रडला, आणि थोडं स्वतःसाठीही.

ओहोटी लागली. शेतातलं पाणी जेवढं जायचं तेवढं बाहेर गेलं. दिवस कलता कलता राखणदाराने कुणाला न विचारता दोर ओढला आणि दार घट्ट लावलं. मग तो राजापुढे येऊन उभा राहिला.

"महाराज, उघाडी मिटली," तो म्हणाला. "आता तुम्हीही मिटा."

राजा तिथेच बांधावर, ओल्या कपड्यांनिशी आडवा झाला. लोक रागावलेले होते, आणि का नसावेत? पण म्हातारीने आपलं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं आणि सगळ्यांना दटावून घरी पाठवलं. त्या रात्री कुणी दूध आटवलं नाही.

राजा उठला तेव्हा डोकं स्वच्छ होतं आणि समोर जे होतं ते सगळं खरं होतं. भात आडवं झालेलं, मातीवर पांढरी खार चढायला लागलेली. त्याने शेजारच्या राजाकडे स्वतः जाऊन मिठाच्या बदल्यात नाचणी आणि वरी आणली. बांधावर पुन्हा पाळी सुरू झाली. उघाडीचा हुकूम त्याने राखणदाराच्या हाती दिला, तोही चारचौघांसमोर, मान खाली घालून.

पण झोप अशी लगेच परत येते थोडीच? राजाच्या हुकुमाने बांध उभा राहतो, झोप येत नाही. ती रुसली होती. बाजा वाड्यात परत आल्या, गाद्या आल्या, पण राजा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होई. डोळे मिटले की पिवळ्या भातात उभा समुद्र दिसे. राजाने परत बोलावलेल्या वैद्यबुवांनी सांगितलं, "आता जबरदस्ती करू नका. दिवसा लोकांबरोबर शेतातली खार धुवा, भूक लागली की जेवा, आणि रात्री जे काम दुसऱ्याचं आहे ते दुसऱ्यालाच करू द्या." राजाने तसं केलं. तरी खार जायला कितीतरी पावसाळे लागले. तितके दिवस सगळं राज्य नाचणीच्या भाकरीवर राहिलं, आणि राजाही.

शेवटी एका वर्षी खालच्या शेतात भात आलं. थोडंच आलं, पण आलं. पहिल्या भाताची पंगत शेताच्या कडेलाच बसली. राजाही लोकांच्या रांगेत बसला. पानावर गरम भात पडला, त्यावर वरण पडलं. राजाने एक घास खाल्ला, दुसरा हातात घेतला, आणि तो घास तसाच बोटांत राहिला. बसल्या जागी त्याची मान छातीवर कलली आणि तो अगदी शांत, गाढ झोपला.

वाढणाऱ्यांनी हातातली भांडी खाली ठेवली. पंगत कुजबुजत जेवली. म्हातारी त्याच्याजवळ बसून पदराने माशा वारत राहिली, आणि राजाला कुणीही उठवलं नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: झोप टाळून कुणी जागा होत नाही, तो फक्त उघड्या डोळ्यांनी झोपतो.